चार विद्याशाखांत मावणारा एक प्रश्न: विश्वामित्रीवरील संशोधन कसे आखावे

बडोद्यात पदव्युत्तर किंवा पीएच.डी.चे काम सुरू करणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी दरवर्षी कोणीतरी ‘विश्वामित्री नदीचे प्रदूषण आणि त्याचा नागरिकांच्या आरोग्यावर होणारा परिणाम’ असा विषय घेऊन येतो. विषय चांगला असला, तरी हा अजून संशोधनाचा प्रश्न झालेला नाही, कारण पाण्याची तपासणी अभियांत्रिकीकडे, आजारांची नोंद वैद्यकीय महाविद्यालयाकडे, नाल्याची सफाई पर्यावरणाच्या अभ्यासकांकडे आणि काठावरच्या वस्त्यांचे प्रश्न समाजकार्य विभागाकडे, अशी त्याची वाटणी होते आणि चौघांपैकी कोणीच बाकीच्यांचे कागद वाचत नाही. असे काम एकसंध कसे ठेवावे, याविषयी अनुभवातून जे हाती लागले, ते येथे मांडतो.

पहिले काम म्हणजे दूषित द्रव्य कोठून निघून कोणत्या वाटेने माणसाच्या शरीरात पोहोचते, याचे चित्र कागदावर काढणे. हे चित्र काढू लागताच विषयातील पहिली उणीव दिसते: विश्वामित्रीचे पाणी शहरात कोणी पीत नाही. बडोद्याला नळाने मिळणारे पाणी मुख्यतः सयाजीराव महाराजांच्या काळात बांधलेल्या आजवा तलावातून आणि मही नदीच्या पात्रातील, ‘फ्रेंच वेल’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या विहिरींतून येते. मग नदीतील घाण तोंडापर्यंत जाते कशी? एक वाट फुटक्या जलवाहिनीची आहे, कारण पाणी दिवसातून ठरावीक वेळच येते आणि वाहिनीतील दाब उतरला की शेजारच्या गटाराचे पाणी भेगेतून आत ओढले जाऊ शकते. दुसरी वाट काठावरच्या वस्तीतील हातपंपांची आणि तिसरी पुराची आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये नदीने २६ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ३५ फुटांच्याही वर मजल मारली, तेव्हा घराघरांत शिरलेले पाणी नदीचे किती आणि गटाराचे किती, हे सांगणे कठीण होते. या तीन वाटांपैकी एकच निवडावी. उदाहरणार्थ, पूर ओसरल्यानंतरच्या सहा आठवड्यांत कांसेलगतच्या हातपंपांवर अवलंबून असलेल्या घरांतील पाच वर्षांखालील मुलांना अतिसार इतर घरांतील मुलांपेक्षा अधिक होतो का, हा प्रश्न मोजता येतो. कांस म्हणजे पावसाळी पाण्याचा नाला. भूखी कांस, रूपारेल कांस ही नावे बडोदेकरांना ठाऊक असली, तरी प्रबंधाच्या बाहेरगावच्या परीक्षकासाठी शब्दाचा अर्थ आरंभीच द्यावा.

पूर्वीचे काम शोधण्यात फार दिवस घालवण्याची गरज नाही. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राचे ‘शोधगंगा’ हे भारतीय प्रबंधांचे ऑनलाइन भांडार, वैद्यकीय निबंधांसाठी ‘पबमेड’ आणि बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या हंसा मेहता ग्रंथालयातील जुने प्रबंध एवढे पाहिले, की कोणत्या ठिकाणचे नमुने आधी घेतले गेले आहेत हे कळते. त्या ठिकाणांची यादी मात्र जपून ठेवावी, कारण जुन्या आकड्यांशी तुलना हवी असेल तर नमुना त्याच पुलावरून घ्यावा लागतो.

आता ज्यासाठी हा लेख लिहिण्यास घेतला, तो मुद्दा. विद्याशाखांना जोडणारी गोष्ट म्हणजे सामाईक जागा आणि सामाईक तारीख. पुष्कळ वर्षांपूर्वी मी ज्या संयुक्त कामात होतो, त्यात पाण्याचे नमुने मे महिन्यात घेतले गेले, घरांची पाहणी परीक्षांमुळे लांबत सप्टेंबरात झाली आणि पाहणीच्या तक्त्यांत घराचा पत्ता केवळ वस्तीच्या नावाने नोंदवलेला होता. दोन्ही आकडेवाऱ्या आपापल्या जागी बिनचूक होत्या आणि एकमेकींशी जोडण्याच्या दृष्टीने निरुपयोगी होत्या. म्हणून उपकरण, प्रश्नावली, निधीचा अर्ज यांच्याही आधी सर्वांनी एकत्र बसून एकच तक्ता करावा, ज्याच्या प्रत्येक ओळीत जागेचा क्रमांक, अक्षांश-रेखांश, दिनांक आणि वेळ असेल, आणि पाण्याच्या बाटलीवर, घराच्या प्रश्नावलीवर व नाल्याच्या मोजमापावर तोच क्रमांक लिहावा.

तारीख सामाईक असावी याचा अर्थ ती एकच असावी असा नव्हे, आणि येथे वैद्यकाच्या जोडीदाराचे ऐकावे. कॉलऱ्याची लक्षणे संसर्गानंतर काही तासांपासून पाच दिवसांपर्यंत दिसतात, टायफॉइडला साधारणतः एक ते तीन आठवडे लागतात, तर हिपॅटायटिस ई प्रकारच्या काविळीला दोन ते दहा आठवडे लागू शकतात. आज घेतलेल्या नमुन्याची तुलना आजच्या काविळीशी केली, तर त्या रुग्णाने पाणी प्यायले त्या दिवसांची नोंद तक्त्यात नसतेच. आजार कोणता ते ठरले, की नमुने आणि पाहणी यांतील अंतर त्यावरून ठरते.

नमुना घेण्याच्या कामात बडोद्याची एक अडचण पाठ्यपुस्तकात सापडणार नाही, ती म्हणजे शहरातून वाहणाऱ्या या नदीत मगरींची मोठी वस्ती आहे. काठावर उतरू नये. नमुना पुलावरून दोरी बांधलेल्या बादलीने घ्यावा आणि एकट्याने जाऊ नये. विरघळलेला प्राणवायू विंकलर पद्धतीने मोजायचा असल्यास रसायने जागेवरच घालावीत, कारण बाटली प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत आकडा बदललेला असतो. जिवाणूंसाठी निर्जंतुक बाटली, बीओडीसाठी (पाण्यातील सेंद्रिय घाण कुजवताना जिवाणू जो प्राणवायू वापरतात, त्याच्या मोजमापासाठी) बर्फाची पेटी, धातूंसाठी नायट्रिक आम्ल घालून पीएच २ च्या खाली आणलेला नमुना, अशा तीन स्वतंत्र बाटल्या लागतात आणि पहिल्या दोन २४ तासांच्या आत तपासणीला घ्याव्या लागतात. बीओडीचा आकडा लिहिताना तो २७ अंश सेल्सिअसवर ३ दिवसांचा आहे की २० अंशांवर ५ दिवसांचा, हे लिहिल्याशिवाय त्याची तुलना करता येत नाही.

त्याहून मोठी चूक प्रवाह न मोजण्याची असते. कांसेत बीओडी लिटरला २० मिलिग्रॅम असेल आणि प्रवाह सेकंदाला अर्धा घनमीटर असेल, तर दिवसाला ८६४ किलो भार नदीत जातो. पावसाळ्यात प्रवाह दुप्पट होऊन आकडा १० वर आला, तरी भार तेवढाच राहतो. नाल्याच्या सफाईनंतर पाणी सुधारले असे सांगणारे कित्येक अहवाल प्रत्यक्षात पाऊस पडल्याचेच वृत्त देत असतात. महागडे यंत्र नसल्यास दहा मीटर अंतर आखून त्यात संत्रे सोडावे, त्याला लागलेला वेळ मोजून पृष्ठभागाचा वेग काढावा, त्याला ०.८५ ने गुणावे आणि आलेला वेग पाण्याच्या काटछेदाच्या क्षेत्रफळाने गुणावा. सफाईचा परिणाम तपासताना सफाई न झालेल्या दुसऱ्या नाल्यावरही त्याच दिवशी हेच करावे.

घरांच्या पाहणीत मराठी विद्यार्थ्याने भाषेकडे विशेष लक्ष द्यावे. बडोद्यातील मराठी वस्तीच्या दांडिया बाजारातील घरी ‘जुलाब’ म्हणून भागते, परंतु वस्तीतील गुजराती आई ‘झाडा’ म्हणेल, आणि प्रश्नावली मराठीत विचार करून गुजरातीत उतरवलेली असेल तर उत्तरे गोंधळाची येतात. शब्दापेक्षा व्याख्या विचारावी: मागील दोन आठवड्यांत मुलाला २४ तासांत तीन किंवा अधिक वेळा पातळ शौचास झाले का? नमुन्याच्या आकारासाठी आपल्याकडे 4pq/L² हे सूत्र सर्रास वापरतात; त्यात p म्हणजे आजाराचे टक्केवारीतील प्रमाण, q म्हणजे १०० वजा p आणि L म्हणजे चालणारी चूक. अतिसाराचे प्रमाण २० टक्के धरले आणि ५ टक्क्यांची चूक चालणार असली, तर २५६ मुले लागतात, आणि निवड वस्तीवार गटांनी केल्यास ती संख्या साधारण दुप्पट धरतात. मात्र हे सूत्र एका गटातील प्रमाण मोजण्याचे आहे, दोन गटांची तुलना करण्याचे नव्हे. आपला प्रश्न तुलनेचा असल्याने संख्याशास्त्राच्या प्राध्यापकांकडे पाहणीच्या आधी जावे, नंतर नव्हे.

माणसांची माहिती घ्यायची म्हणजे एथिक्स कमिटीची, म्हणजे माणसांवरील संशोधन तपासणाऱ्या नैतिकता समितीची, मंजुरी आलीच, आणि ती प्रश्नावलीचा पहिला कागद भरण्याच्या आधी हवी. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे वाचून अर्ज करावा. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना ही पायरी अनावश्यक वाटते, कारण बाटलीची संमती घ्यावी लागत नाही. परंतु ज्या हातपंपाचा नमुना आपण घेतला, त्याच्याभोवती राहणाऱ्या कुटुंबांचे नाव नकाशावर येते, आणि वस्ती हटवण्याची चर्चा चालू असताना तो नकाशा कोणाच्या हाती पडेल याचा विचार समाजकार्याच्या जोडीदाराने सर्वांना करायला लावावा. प्रकाशित नकाशात हातपंपाचे नेमके स्थान न देता प्रभागापर्यंतच माहिती द्यावी.

निकाल हाती आल्यावर प्रबंधाची वाट पाहू नये. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याच्या १०० मिलिलिटर नमुन्यात ई. कोलाय हा विष्ठेतून येणारा जिवाणू आढळताच कामा नये. ते आढळले, तर त्याच आठवड्यात त्या घरी जाऊन गुजरातीत सांगावे, पाणी खळखळून उकळून पिण्यास सुचवावे आणि महापालिकेच्या आरोग्य विभागाला हातपंपाच्या क्रमांकासह लेखी कळवावे. त्या पत्राची प्रत, तारखेसह, सामाईक तक्त्यातल्या त्याच ओळीपुढे नोंदवून ठेवावी.