स्टिअरिंग बदललं म्हणून अलाइनमेंट करून घेताय? या चुका टाळा

मराठवाड्यात मे महिन्याच्या उन्हात दोन-तीन उन्हाळे उभ्या राहिलेल्या गाडीच्या स्टिअरिंगची सालं निघायला लागतात, हाताला काळं लागतं. मग कुणी नवं स्टिअरिंग टाकतं, कुणी बेस मॉडेलला टॉप मॉडेलचं बटणांवालं बसवून घेतं. लगेच गाडी अलाइनमेंटच्या दुकानात येते आणि तिथं एकच वाक्य ऐकू येतं, "मिस्त्री, स्टेरिंग तिरपं यायलंय, अलाइनमेंट मारून द्या."

स्टिअरिंग व्हील बदलल्याने अलाइनमेंट बदलत नाही. चाकं आत-बाहेर किती वळलेली आहेत (टो), उभ्यात किती कललेली आहेत (कॅम्बर) आणि ती ज्या अक्षावर वळतात तो मागे-पुढे किती झुकलेला आहे (कास्टर), यावर अलाइनमेंट ठरतं. या तिन्ही गोष्टी टाय रॉड (चाकाला ढकलून-ओढून वळवणारा दांडा), लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा हात), शॉकॲब्सॉर्बर आणि त्यांच्या बोल्टांपाशी आहेत. हातातलं चाक कॉलमच्या (स्टिअरिंगखालच्या नळीच्या) शाफ्टवर दात्यांमध्ये बसतं आणि मधल्या एका नटाने किंवा बोल्टने आवळलेलं असतं. ते काढा, बदला, उलटं बसवा, खालच्या चाकांना त्याचा पत्ताही नसतो. रॅक (स्टिअरिंग फिरवलं की डावी-उजवीकडे सरकून टाय रॉड हलवणारा दांडा), टाय रॉड एंड, लोअर आर्म किंवा शॉकॲब्सॉर्बर बदलला असेल, तर मात्र अलाइनमेंट करावंच लागतं.

तरी स्टिअरिंग बदलल्यावर अलाइनमेंट बिघडलेल्या गाड्या दिसतात. ते बिघडतं तिरपं बसलेलं स्टिअरिंग सरळ करायच्या नादात.

सगळ्यात महागात पडणारी चूक

शाफ्टवर 36 दाते असतील, तर एक दाता चुकला की स्टिअरिंग 10 अंश तिरपं बसतं. गाडी सरळ जाते, टायर नीट आहेत, फक्त हातातलं चाक वाकडं. खरं तर नट सोडायचा, एक दाता मागे-पुढे करायचा, की काम संपलं. पण अलाइनमेंटवाला काय करतो? स्टिअरिंग सरळ धरून ते हलू नये म्हणून होल्डर लावतो. आता खालची चाकं वळलेली दिसतात, मग दोन्हीकडचे टाय रॉड फिरवून तो चाकं सरळ करतो. मशीनवर सगळे आकडे हिरवे येतात आणि गिऱ्हाईक खुश होतं.

आत मात्र रॅक मध्यावरून सरकलेला राहतो. एका बाजूला गाडी जास्त वळते, दुसऱ्या बाजूला कमी. गल्लीत गाडी फिरवताना उजवीकडे एका दमात होतं आणि डावीकडे रिव्हर्स मारावा लागतो, ते यामुळेच. एक टाय रॉड फार बाहेर आलेला आणि दुसरा फार आत गेलेला, हेही चांगलं नाही. पुढे कुणी शहाण्या फिटरने स्टिअरिंग बरोबर दात्यावर बसवलं, तर ते पुन्हा तिरपं दिसणार आणि सगळं पहिल्यापासून करावं लागणार.

उलटी चूकही तितकीच सर्रास होते. खड्ड्यात आदळून टाय रॉड वाकला, स्टिअरिंग तिरपं आलं, आणि फिटरने व्हील काढून दाता बदलून सरळ करून दिलं. डोळ्याला बरं दिसतं, पण खाली टो बिघडलेलाच राहतो आणि टायरची एक कड झिजत जाते. त्यामुळे माझा नियम साधा आहे. स्टिअरिंग व्हीलला कुणी हात लावल्यावर ते तिरपं आलं असेल, तर आधी व्हील तपासा. कुणीही हात न लावता तिरपं आलं, तर खाली बघा.

दोष वर आहे की खाली, कसं ओळखायचं

इंजिन चालू ठेवून स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवा आणि फेरे मोजा. टोकाला जोर देऊन धरून ठेवू नका. मग बरोबर निम्मे फेरे परत या. इथे स्टिअरिंग सरळ असेल, तर व्हील बरोबर बसलंय आणि दोष टाय रॉडकडे आहे. इथेच ते तिरपं असेल, तर दाता चुकलाय किंवा कॉलम खालच्या क्रॉसपाशी (वळत्या सांध्यापाशी) चुकीचा जोडलाय. खाली वाकून दोन्ही टाय रॉडचे उघडे आटे बघितले तर आणखी खात्री पटते. दोन्हीकडे ते जवळपास सारखे हवेत.

गाडी सरळ जाते का, हे मात्र नेहमीच्या रस्त्यावर बघू नका. पाणी वाहून जावं म्हणून रस्त्याला दोन्ही कडांकडे उतार असतो. आपण डावीकडून चालतो, म्हणून गाडी थोडी डावीकडे जातेच. शिवाय आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावरचे रस्ते लाटा आल्यासारखे होतात. मोंढा बंद असतानाचं सिमेंटचं पटांगण यासाठी बरं. चारही टायरची हवा आधी भरून घ्या. एका बाजूला चार-पाच पॉइंट हवा कमी असली तरी गाडी ओढते, आणि व्हील बदलून ते बरं होत नाही.

काळ्या मातीचा आणखी एक प्रताप आहे. शेतातून आलेल्या गाडीच्या रिमच्या आत चिखल चिकटून वाळतो आणि महामार्गावर 80च्या पुढे स्टिअरिंग थरथरायला लागतं. नुकतंच स्टिअरिंग बदललं असलं की संशय त्याच्यावरच येतो. आधी रिम आतून धुवा. तरी थरथर राहिली तर बॅलन्सिंग करा. अलाइनमेंटचा यात संबंध नाही.

व्हील काढताना

1 जुलै 2019पासून नव्या गाड्यांना ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची आहे, त्यामुळे हे आता पाना घेऊन घरी करायचं काम राहिलेलं नाही. फिटरकडून करून घेताना समोर उभं राहा. त्याने बॅटरीचा निगेटिव्ह काढून, कंपनीने सांगितलाय तेवढा वेळ थांबून, मगच एअरबॅगला हात लावावा. काढलेली एअरबॅग तोंड वर करून ठेवावी.

चाकं सरळ असताना शाफ्टवर आणि व्हीलवर एकच खूण मारून ठेवली, की दाता चुकायचा प्रश्नच उरत नाही. काही गाड्यांत एक दाता रुंद असतो, तिथे व्हील एकाच पद्धतीने बसतं. नट सोडताना जोर स्टिअरिंग लॉकवर घेऊ देऊ नका, लॉक तुटतो. व्हील निघत नसेल तर पुलर (ओढून काढायचं अवजार) लावायचा. शाफ्टवर हातोडा मारणाऱ्याकडून गाडी परत घ्या, मला दुसरा सल्ला सुचत नाही. अपघातात दबावा म्हणून कॉलम मुद्दाम तसा बनवलेला असतो, आणि बऱ्याच लहान गाड्यांत इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगची मोटर व सेन्सर त्याच कॉलमवर असतात.

व्हीलच्या मागची क्लॉक स्प्रिंग (हॉर्न, बटणं आणि एअरबॅगला जोडणाऱ्या तारांची डबी) व्हील निघाल्यावर फिरू देऊ नका, टेप लावून ठेवा. तिच्यातली पट्टी मोजक्याच फेऱ्यांपुरती असते. मध्य चुकला तर पहिल्याच पूर्ण वळणाला ती तुटू शकते, मग हॉर्न आणि बटणं बंद पडतात आणि एअरबॅगचा दिवा लागतो. बटणांवालं व्हील टाकायचं असेल, तर जुन्या क्लॉक स्प्रिंगमध्ये तेवढ्या तारा आहेत का, हे व्हील विकत घेण्याआधीच बघा. एअरबॅग नसलेलं शौकाचं व्हील लावू नये, ते कितीही छान दिसलं तरी.

काम झाल्यावर दोन्हीकडे इंडिकेटर देऊन वळून बघा. एका बाजूला तो लवकर आणि दुसऱ्या बाजूला उशिरा परत येत असेल, तर बहुतेक दाता चुकलाय. पॉवर स्टिअरिंग किंवा ईएससीचा (गाडी घसरू न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लागला, तर स्टिअरिंग अँगल सेन्सर स्कॅनरने शून्यावर आणावा लागेल, पण व्हील बरोबर दात्यावर बसवून झाल्यानंतरच. एवढ्यानंतरही थोडासा, एका दात्यापेक्षा कमी तिरपेपणा उरला, तर तेव्हा अलाइनमेंटवाल्याकडे जा. तो एक टाय रॉड जेवढा आत घेईल तेवढाच दुसरा बाहेर काढेल, म्हणजे एकूण टो तोच राहील. आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांची प्रिंट मागून घ्या.