'चार्ज'च्या जोड्या : विथ कुठे, फॉर कुठे आणि तो नडणारा 'द'

एमपीएससीच्या गट ब, गट कच्या मुख्य परीक्षेची तयारी करणाऱ्या प्रत्येकाला इंग्रजीतल्या 'चार्ज'चा अर्थ येतो. मार्क जातात ते त्याच्या शेजारच्या शब्दावर. लातूर-नांदेडच्या अभ्यासिकांत फिक्स्ड प्रीपोझिशनची (कोणत्या शब्दाला 'विथ', 'फॉर', 'ऑफ' यांपैकी काय जोडायचं, त्या यादीची) जी झेरॉक्स फिरते, तिच्यात 'चार्ज विथ' एवढंच असतं. कोणत्या अर्थाला, ते नसतं. ती घोकायच्या भानगडीत पडू नका.

अर्थांचं टेन्शन मात्र घ्यायचं नाही. मूळ लॅटिन शब्द गाडीवर ओझं लादण्याचा. मराठीतही पदभार, अधिभार, विद्युतप्रभार, सगळीकडे भारच आहे.

पैशाच्या अर्थाला आधी माणूस, मग रक्कम, मग 'फॉर': 'ही चार्ज्ड मी फिफ्टी रुपीज फॉर द नोट्स'. 'माझ्याकडून घेतले' हे डोक्यात असल्याने आपण 'फ्रॉम मी' लिहून मोकळे होतो. ते चूक. फुकटसाठी 'फ्री ऑफ चार्ज'. महावितरणच्या बिलावरचा 'स्थिर आकार' म्हणजे 'फिक्स्ड चार्ज'.

आरोपाला 'चार्ज्ड विथ थेफ्ट', पण 'अक्यूज्ड ऑफ थेफ्ट'. पेपर काढणारे हे दोन मुद्दाम शेजारी ठेवतात. नाम आलं की पुन्हा बदल: 'अरेस्टेड ऑन अ चार्ज ऑफ थेफ्ट'.

आता खरा सापळा, इथे सावकाश वाचा. 'द क्लर्क इज इन चार्ज ऑफ द रेकॉर्ड रूम' म्हणजे रेकॉर्ड रूम क्लार्कच्या ताब्यात. 'द रेकॉर्ड रूम इज इन द चार्ज ऑफ द क्लर्क' म्हणजेही तेच. फरक एका 'द'चा. वाक्याचा कर्ता सांभाळणारा असेल तर 'द' नाही. कर्ता सांभाळली जाणारी वस्तू किंवा माणूस असेल तर 'द' हवाच. 'द चिल्ड्रन आर इन चार्ज ऑफ द नर्स' लिहिलंत तर पोरंच नर्सवर साहेब झाली! पडताळा सोपा आहे. 'द कीज आर इन माय चार्ज' हे चालतं ना? जिथे 'माय' बसतो, तिथेच 'द' बसतो. वाक्यातली चूक शोधायच्या, म्हणजे एररच्या प्रश्नात आधी कर्त्याखाली रेघ मारा, मगच पर्याय बघा. दहा-बारा वाक्यं अशी सोडवली की हात बसतो, घाबरण्यासारखं काही नाही.

नव्या तहसीलदारांनी चार्ज घेतला, तर 'टुक चार्ज ऑफ द ऑफिस'. तिथे 'द चार्ज' नको. आधीच्यांनी दिला, तर 'हँडेड ओव्हर चार्ज टू'.

वहीत शब्द-अर्थ असे दोन रकाने पाडू नका. प्रत्येक अर्थाला एक पूर्ण वाक्य लिहा, प्रीपोझिशनच्या जागी रिकामी जागा सोडा, उत्तर पानामागे. दोन दिवसांनी भरा, आठवड्याने पुन्हा. सीनियर सांगतात तसल्या कविता-ट्रिक्स परीक्षेत आठवत नाहीत, वाक्य आठवतं.

इंग्रजी पेपरातल्या कोर्टाच्या बातम्या यासाठी उत्तम. पोलीस 'फाइल अ चार्जशीट', कोर्ट 'फ्रेम्स चार्जेस', आणि आरोप मागे घेतले तर 'ड्रॉप द चार्जेस'. क्रियापदं अदलाबदल करून चालत नाहीत.