दहा सेकंदांत तीन फोटॉन दिसले, तर लगेच हुरळून जाऊ नका

आदिम कृष्णविवराचा, म्हणजे विश्वाच्या सुरुवातीला तयार झालेल्या चिमुकल्या कृष्णविवराचा, शेवटचा स्फोट शोधायला बसाल, तर आधी वेळेचं गणित पक्कं करा. भौतिकशास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंगने १९७४ मध्ये दाखवलं की कृष्णविवर जितकं हलकं, तितकं जास्त तापतं आणि भराभर झिजतं. शेवटचा एक सेकंद उरतो तेव्हा त्यात सुमारे १,३५० टनच वस्तुमान असतं आणि तापमान, ऊर्जेच्या एककात मोजलं तर, ७.८ टेराइलेक्ट्रॉनव्होल्टच्या (एक टेरा म्हणजे एक लाख कोटी) घरात जातं; आठ सेकंद उरलेले असताना तापमान याच्या निम्मं असतं. म्हणून मी एका कालावधीवर विसंबत नाही. १, १० आणि १०० सेकंद, तिन्ही वेगवेगळे तपासते.

चेरेंकॉव्ह दुर्बीण गॅमा किरणांचे फोटॉन हवेत शिरल्यावर उठणारी क्षणिक चमक टिपते; अशी प्रत्येक चमक म्हणजे एक घटना. तिच्या नोंदींतून वैश्विक किरणांच्या, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या विद्युतभारित कणांच्या, घटना गाळून काढा. गाळूनही काही उरतातच, आणि खरी कसोटी तिथेच लागते. समजा, ०.१ अंश त्रिज्येच्या ठिपक्यात दहा सेकंदांत सरासरी ०.०१ घटना येतात. मग तिथे योगायोगाने तीन येण्याची शक्यता एक कोटीत जेमतेम दोन. वाटतं, सापडलं! पण पाच अंश रुंद दृष्टिक्षेत्रात असे सहाशेच्या वर ठिपके मावतात आणि सहा तासांच्या रात्रीत दहा सेकंदांचे २,१६० तुकडे पडतात. म्हणजे तेरा लाख वेळा फासे टाकले. असे तीनचे घोळके चार-पाच रात्रींत एकदा आपोआप पडणारच. चार एकत्र आले, तर मात्र मी काम थांबवून बघते.

हा हिशेब कागदावर सोडू नका, नोंदींवरच करा. घटनांच्या दिशा कॅमेऱ्याच्या चौकटीत तशाच ठेवून वेळांची आपसात अदलाबदल करा, पुन्हा पुन्हा, आणि दर वेळी घोळके मोजा. त्यामुळे ढगामुळे घसरलेला घटनांचा दर, कॅमेऱ्याच्या कडेची कमी संवेदना, सगळं आपोआप पार्श्वभूमीत येतं. मला ही पायरी सर्वांत प्रिय आहे, कारण इथे नोंदीच खरं बोलतात.

घोळका टिकला, तर क्रम पाहा. नेहमीचे गॅमा किरण स्फोट बहुधा उतरत्या ऊर्जेचे असतात. इथे उजेड आणि ऊर्जा शेवटपर्यंत चढत जायला हवी, आणि नंतर मागे चमक राहायला नको.

काहीच सापडलं नाही, तरी मर्यादा काढायचीच. शून्य घटना आणि नगण्य पार्श्वभूमी असेल, तर ९५ टक्के खात्रीची वरची सीमा ३. ती दुर्बिणीला दिसणारं घनफळ आणि निरीक्षणाचा काळ यांच्या गुणाकाराने भागा. मेक्सिकोतल्या हॉक (HAWC) या गॅमा किरण वेधशाळेची सीमा दर घन पारसेकमागे (एक पारसेक म्हणजे सुमारे ३.२६ प्रकाशवर्षं) वर्षाला ३,४०० स्फोट आहे, नामिबियातल्या हेस (H.E.S.S.) या चेरेंकॉव्ह दुर्बिणींची २,०००. पण पहिली दहा सेकंदांसाठी, ९९ टक्के खात्रीने. दुसरी १२० सेकंदांसाठी, ९५ टक्के खात्रीने. आपला आकडा शेजारी मांडताना या दोन्ही गोष्टी सोबत लिहा.