साइट सांभाळायला शिकायचंय? आधी कोण कुणासाठी थांबलंय ते बघा

डिप्लोमा करून नव्यानं साइटवर आलेली पोरं मला विचारतात, दादा प्रोजेक्ट मॅनेजमेंटसाठी कुठलं सॉफ्टवेअर शिकू. सॉफ्टवेअर नंतर शिका. आधी एक जाड वही घ्या आणि एखाद्या साध्या बंगल्याच्या साइटवर पायाखुदाईपासून रंगापर्यंत टिकून राहा, मधेच सोडून दुसरीकडं जाऊ नका.

वहीत सगळी कामं लिहायची आणि प्रत्येकापुढं लिहायचं की किती दिवस लागणार, त्याच्याआधी काय पुरं झालेलं पाहिजे आणि माल कधी सांगून ठेवायचा. आता समजा पहिला स्लॅब पडला. बीमखालचे टेकू आयएस ४५६ (काँक्रीटच्या कामाचं भारतीय मानक) प्रमाणं ६ मीटरपर्यंतच्या गाळ्याला, म्हणजे दोन आधारांमधल्या अंतराला, १४ दिवस काढायचे नाहीत (हा आकडा साध्या ओपीसी सिमेंटचा, राख मिसळलेलं पीपीसी असेल तर इंजिनिअरला विचारून वाढवायचा), म्हणजे खालचं वीटकाम तोपर्यंत अडलंय. वीटकामाला चौकटी लागतात, सुताराला त्या करायला समजा १० दिवस. मग सुतार ४ दिवस लेट झाला तरी काही बिघडत नाही, पण सेंट्रिंगवाला (टेकू-फळ्या लावणारा) १४ दिवसांनंतर खोलायलाच २ दिवस उशिरा आला तर अख्खं घर २ दिवस मागं जातं. ज्या कामांना असा एक दिवसही सैल नाही त्यांच्या साखळीला क्रिटिकल पाथ म्हणतात. ही पद्धत १९५० च्या दशकात अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीनं कारखान्यांच्या कामासाठी बसवली, पण बंगल्याला वही पेन्सिल पुरते. रोज सकाळी पहिला फोन त्या साखळीतल्या माणसाला करायचा, बाकीचे नंतर.

आपल्या कोल्हापुरात कॅलेंडर वेगळं लावावं लागतंय. पाया आणि प्लिंथ (जोतं) पावसाच्या आत वर आणायचा, जूनमध्ये खड्डे उघडे राहिले की नुसता पंप चालवत बसायचं. वीटभट्ट्या पावसाळ्यात बंद, म्हणून विटा मेमध्येच उतरवून घ्या. ऊस सुरू झाला की ट्रॅक्टर कारखान्याकडं, आणि जोतिबाच्या यात्रेला गडी गावाला जाणारच, त्यात रागवायचं काय, ते दिवस आधीच धरून चाला. २०१९ च्या ऑगस्टात आणि २०२१ च्या जुलैत शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला तेव्हा बाहेरचा माल यायचाच थांबला होता. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाण्याची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका ४३ फूट, हे आकडे पाठ करा, आणि पंचगंगेच्या बाजूला साइट असेल तर पावसाळ्यात सिमेंट थोडं थोडंच मागवा.

हिशोब स्वतः करायला शिका. हजार स्क्वेअर फूट, ५ इंची स्लॅब म्हणजे साधारण ११.८ घनमीटर, एम २० प्रतीच्या काँक्रीटला घनमीटरला अंदाजे ८ पोती धरली तर ९५ पोती, बीम वेगळे. सळीचं वजन काढायला मिलिमीटरमधल्या जाडीचा वर्ग भागिले १६२, म्हणजे १२ एमएमची सळी मीटरला ०.८९ किलो. गाडी आली की सळ्या मोजा, हे गणित करा, मग काट्याच्या पावतीशी ताडून बघा. वाळू खडी ब्रासमध्ये येते, १ ब्रास म्हणजे १०० घनफूट, टेप घेऊन ट्रॉली मोजायला लाजू नका.

स्लॅबच्या आदल्या संध्याकाळी मात्र फोनवर विश्वास ठेवायचा नाही, स्वतः वर चढायचं. माझ्या दुसऱ्याच साइटवर एका खोलीत फॅनबॉक्स आणि पाइप टाकायचे राहिले, मी इलेक्ट्रिशियनला फक्त "झालं का" विचारलं होतं, आणि नंतर तो नवा स्लॅब खालून छिन्नीनं फोडताना बघून मला रात्री झोप लागली नव्हती. तेव्हापासून कव्हर ब्लॉक (सळीखाली ठेवायचे ठोकळे), पाइप, संडास बाथरूमचा खाली घेतलेला (संक) स्लॅब, टेकूंचे आडवे बांध, पोत्यांची मोजणी, पाण्याची टाकी, व्हायब्रेटरची जादा नीडल असं एकेक हातानं बघून वहीत टिक करतो, आणि मालक किंवा आर्किटेक्टनं तोंडी काही बदल सांगितला तर तारीख टाकून त्यांची सही घेतो. सही मागितली की कोण रागवत नाही, उलट सांगणारा परत एकदा विचार करतो.

रोज संध्याकाळी १० मिनिटं हजेरी, आलेला माल, झालेलं काम आणि काय कशामुळं अडलं एवढं लिहा. महिन्यानं मागची पानं चाळली की तुमचा गवंडी दिवसाला खरंच किती वीटकाम करतो ते कळेल, पुढच्या साइटचे दिवस त्या आकड्यावरून धरा.