शाखांची सिस्टीम स्लो आहे? नवीन लाईन घ्यायच्या आधी हे करा

आपल्या बेळगाव भागात पतसंस्था, सोसायट्या भरपूर, हेड ऑफिस बेळगावात, शाखा खानापूर-निपाणीला, आणि सगळीकडं तक्रार एकच, सिस्टीम स्लो आहे. मग लगेच इंटरनेटचा जास्त एमबीपीएसचा, म्हणजे जास्त स्पीडचा, प्लॅन घेतात. थांबा ओ, आधी मोजा.

शाखेतनं हेड ऑफिसच्या सर्व्हरला पिंग मारा, म्हणजे छोटा निरोप जाऊन उत्तर परत यायला किती वेळ लागतो ते बघा, काउंटर उघडायच्या आधी एकदा आणि ऐन गर्दीत एकदा. समजा दोन्ही वेळेला ३० मिलिसेकंदच आले, तर लाईन बहुतेक मोकळी आहे, घोळ सॉफ्टवेअरमध्ये शोधा. एक खातं उघडायला डेटाबेसकडं एकामागून एक ४० क्वेरी, म्हणजे माहितीच्या मागण्या, जात असतील तर ४० गुणिले ३० म्हणजे १.२ सेकंद नुसते वाट बघण्यात जातात, आणि लाईन दहापट केली तरी ते तिथंच राहतात बघा! व्हेंडरच्या मागं लागून क्वेरी एकत्र करून घ्या, नाहीतर प्रोग्रॅम सर्व्हरवरच चालवा आणि शाखेत रिमोट डेस्कटॉप वापरा, म्हणजे शाखेत नुसता त्याचा स्क्रीन दिसतो.

गर्दीत पिंग ३० चं ३०० झालं तर मात्र लाईन भरलीय. रांगेच्या साध्या गणितात लाईन ५०% भरली की लागणारा वेळ दुप्पट, ८०% ला पाचपट आणि ९०% ला दहापट होतो, त्यामुळं अजून १०% शिल्लक आहे की, असं म्हणून गप्प बसू नका. पण आधी कोण खातंय ते राऊटरवर बघा, बहुतेक वेळा सीसीटीव्ही नाहीतर दिवसा चाललेला बॅकअप सापडतो. बॅकअप रात्री टाका, काउंटरच्या ट्रॅफिकला क्यूओएसमध्ये, म्हणजे कुणाला आधी सोडायचं ते ठरवणाऱ्या राऊटरच्या सेटिंगमध्ये, प्रायोरिटी द्या.

आता दुसरी लाईन, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ९९% चालणारी एक लाईन वर्षात साधारण ८८ तास बंद असते, तसल्या दोन असल्या तर दोन्ही एकदम बंद राहायचा वेळ तासाच्या आत येतो. पण कधी? दोन्ही खरंच वेगळ्या असल्या तरच. खानापूरकडं पावसाळ्यात झाड पडलं आणि दोन्ही कंपन्यांच्या केबल एकाच खांबावरनं गेलेल्या असल्या तर दोन बिलं भरून उपयोग काय? एक फायबर घ्या, दुसरी फोरजी, तीपण वेगळ्या कंपनीची. मग काउंटर बंद झाल्यावर फायबरची केबल खरोखर काढा आणि दुसऱ्या लाईनवर एक एंट्री करून बघा.

आणि करंट गेला की नुसता कम्प्युटर चालू राहून भागत नाही, स्विच, राऊटर आणि फायबरचा डबा तिन्ही यूपीएसवर घ्या.