फळाची बी गिळली? काय करायचं आणि कधी धावायचं

सीताफळं बाजारात आली की हा प्रश्न घरोघरी येतोच, पोराने बी गिळली आता काय करू. मग कुणी म्हणतं केळं चार, कुणी म्हणतं एरंडेल पाज, कुणी सांगतं पोटात झाड येईल, आणि अपेंडिक्सचं नाव काढणारं एक माणूस तर प्रत्येक घरात असतंच. घाबरण्याआधी फक्त एवढं बघा की बी अख्खी पोटात गेली, चावून गेली, का श्वासनलिकेत गेली. पुढचं सगळं त्यावर ठरतं.

अख्खी गिळली असेल तर बहुतेक वेळा काहीच करायचं नाही. बीचं वरचं कवच इतकं टणक असतं की आपल्या पोटातलं आम्ल आणि पाचक रस त्याला फोडू शकत नाहीत, ती जशी गेली तशीच साधारण एक ते तीन दिवसांत शीमधून बाहेर पडते, कधी कधी एखाद दिवस जास्त लागतो. झाडाचा हेतूच तो आहे हो, पक्ष्यांनी वटवाघळांनी फळ खावं आणि बी दुसरीकडे नेऊन टाकावी, म्हणून तर बांधावर कुणी न लावता पेरूची झाडं उगवलेली दिसतात. त्यामुळे कलिंगड, पपई, पेरू, द्राक्ष, संत्रं, टोमॅटो, सीताफळ, यांची एखाद-दुसरी बी अख्खी गेली तर नेहमीसारखं जेवण आणि पाणी चालू ठेवा, बास. उलटी काढायला घशात बोटं घालू नका, जुलाबाचं औषध देऊ नका.

झाडाचं म्हणाल तर रुजायला बीला हवा लागते, वेळ लागतो, आणि पोटात आम्ल असतं, शिवाय बी तिथे तेवढी थांबतच नाही. लहान मुलं ही भीती खरंच मनात धरून बसतात, रात्री झोपत नाहीत, म्हणून प्लीज गमतीतही त्यांना असं सांगू नका.

टोमॅटो-वांग्याच्या बियांनी मुतखडा होतो हेही आपल्याकडे फार ठाम सांगतात. बी आतड्यातून जाते, किडनीत जायला तिला रस्ताच नाही. खडा लघवीतल्या क्षारांचा बनतो, बहुतेक वेळा कॅल्शियम ऑक्झलेटचा, आणि त्याचं एक मोठं कारण म्हणजे पाणी कमी पिणं. ज्यांना आधी खडा होऊन गेलाय त्यांनी काय खायचं काय टाळायचं ते आपल्या डॉक्टरकडून ठरवून घ्यावं, पण बिया काढत बसण्यापेक्षा पाण्याकडे लक्ष द्या.

आता अपेंडिक्स. बी अडकून अपेंडिक्स सुजल्याच्या केसेस आहेत, नाही असं नाही, पण किती ते बघा: तुर्कस्तानातल्या डॉक्टरांनी अपेंडिक्सच्या 1,969 ऑपरेशनांचा हिशोब मांडला तेव्हा फळाची बी सापडली फक्त एकात. या भीतीने पेरू सोडायचा म्हणजे त्यातलं फायबर आणि क जीवनसत्त्व पण सोडायचं, हा सौदा वाईट आहे. तशीच दुसरी भीती वयस्कर लोकांना असते, आतड्याला डायव्हर्टिक्युला म्हणजे छोटे फुगवटे आलेत तर बिया-दाणे पूर्ण बंद. पूर्वी डॉक्टरसुद्धा हेच सांगायचे. पण 2008 साली अमेरिकेत 47,228 पुरुषांचा 18 वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि शेंगदाण्यासारखे दाणे, मका, पॉपकॉर्न खाणाऱ्यांना त्रास जास्त होतो असं काही त्यात निघालं नाही. अर्थात आतडं आकसलंय, क्रोन्स म्हणजे आतड्याच्या जुनाट सुजेचा आजार आहे, पोटाचं किंवा आतड्याचं ऑपरेशन झालंय अशांनी डॉक्टर सांगतील तेच पाळायचं. कोलोनोस्कोपी म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी ठरली असेल तर तिच्या आधी काही दिवस बिया बंद ठेवायला सांगतात, ते मात्र नक्की पाळा, कारण बिया आतड्यात राहिल्या की नीट दिसत नाही आणि दुर्बिणीची नळी पण तुंबते.

चावून खाल्ली असेल तर कुठली बी ते बघायचं. कलिंगडाची चावली तर उलट चांगलंच, सोलून वाळवली की तोच मगज, आपण मिठाईत ग्रेव्हीत घालतो. डाळिंबाचे दाणे तर चावूनच खायचे असतात. पपईची तिखट लागते, एखाद-दुसरीने काही होत नाही, पण जंत पडतात म्हणून चमचे भरभरून खाऊ नका, आणि दिवस गेले असतील तर अजिबात नको. फणसाच्या आठळ्या कच्च्या खाऊ नका, उकडून किंवा भाजून खा, कच्च्या आठळीत प्रथिनं पचू न देणारे घटक असतात ते शिजवल्यावर निकामी होतात.

सफरचंदाच्या बीत अमिग्डालिन असतं, बी चावली चिरडली की त्यातून थोडं सायनाइड सुटतं. अख्खी गेली तर काहीच नाही, एक-दोन चावल्या गेल्या तरी मोठ्या माणसाला त्रास होत नाही, पण ज्यूस किंवा स्मूदी करताना मिक्सरमध्ये बियांसकट फळ टाकायची सवय असेल तर ती सोडा, मधला भाग काढायला दोन सेकंद लागतात. याहून जास्त सांभाळायचं ते जर्दाळूला. सुके जर्दाळू बीसकट आणतो आणि मुलं बी फोडून आतला बदामासारखा गर खातात, तो गोड असला तर ठीक पण कडू लागला की लगेच थुंकायचा. युरोपच्या अन्न सुरक्षा संस्थेने 2016 मध्ये सांगितलंय की जर्दाळूच्या बीतले तीनपेक्षा जास्त छोटे कच्चे गर एका वेळी खाल्ले तर मोठ्या माणसाची सुरक्षित मर्यादा ओलांडली जाऊ शकते, आणि अगदी लहान मुलाची मर्यादा तर एका छोट्या गरानेही ओलांडली जाऊ शकते. कॅन्सरवर उपाय म्हणून हे गर विकतात, त्याच्या नादी लागू नका, कुणाचं काहीही ऐकून आलात तरी.

बिया किती खाल्ल्या हेही महत्त्वाचं. एकाच बसणीला मूठ मूठ बिया गेल्या, सूर्यफुलाच्या सालासकट किंवा कलिंगडाच्या, आणि वर पाणी कमी, तर त्या खाली गुदाशयात जमून खडीसारखा गोळा होतो. मूल कुंथतं, रडतं, शी होत नाही किंवा नुसतं पातळ झिरपतं. घरी जुलाब देऊन हे सुटत नाही, दुखणं वाढतं. दवाखान्यात न्या, एनिमा देऊन किंवा भूल देऊन मोकळं करतात.

मोठ्या आणि टोकदार बियांचं वेगळं. चिकूच्या बीला एका टोकाला बारीक आकडा असतो, तो घशात अडकू शकतो, म्हणून चिकू नेहमी चिरून बी काढूनच द्यायचा. खजूर, बोर, आलुबुखार यांचंही तेच. गिळल्यावर घशात छातीत टोचत राहिलं, लाळ गिळता येईना, पोट फुगून उलट्या, ताप, उजव्या बाजूला खाली दुखणं, शीत रक्त, यातलं काहीही झालं तर वाट बघू नका.

आणि आता ज्यासाठी खरंतर हे सगळं लिहायला घेतलं ते. बीचा खरा धोका पोटात नाही, श्वासनलिकेत आहे. चार-पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना नीट चावता येत नाही, त्यात हसत पळत खातात, आणि सीताफळाची बी, चिंचोका, शेंगदाणा सरळ श्वासनलिकेत जातो. तिथे ओल लागून शेंगदाण्यासारखं बी फुगतं सुद्धा. 2010 मध्ये अमेरिकेत एका माणसाच्या फुप्फुसात अडकलेल्या वाटाण्याला कोंब फुटलेला सापडला होता, म्हणजे बघा.

मूल जोरात खोकत असेल, रडत असेल, तर त्याला खोकू द्या, पाणी पाजू नका, तोंडात आंधळेपणाने बोट घालू नका, बी आणखी आत जाते. आवाजच निघेना, ओठ निळे पडायला लागले तर लगेच: एक वर्षाच्या आतलं बाळ हातावर पालथं, डोकं खाली, खांद्यांच्या मध्ये तळहाताने जोरात 5 थापा, मग उताणं करून छातीच्या मधोमध 5 वेळा दाबा, असं आलटून पालटून. एक वर्षाच्या वरच्याला पाठीत 5 थापा, मग मागून कवेत घेऊन बेंबीच्या जरा वर आत-वर असे 5 झटके. दुसऱ्या कुणाला तरी 108 लावायला सांगा. शुद्ध हरपली तर सीपीआर, म्हणजे छाती दाबणं आणि तोंडाने श्वास देणं. हे आजच एकदा कुणाकडून तरी प्रत्यक्ष शिकून घ्या, वाचून हात चालत नाहीत.

एक मात्र फार फसवं असतं. ठसका लागला, मग थांबला, मूल खेळायला लागलं, आपण म्हणतो गेली खाली. पण नंतर खोकला जात नाही, एका बाजूला शिट्टीसारखा आवाज येतो, सारखा न्यूमोनिया होतो. अशा वेळी डॉक्टरांना तो ठसका आवर्जून सांगा, कारण बी साध्या एक्सरेत बहुतेक दिसत नाही, दुर्बीण घालूनच काढावी लागते.

म्हणून छोट्यांना सीताफळ देताना गर चाळणीवर चमच्याने घासून घ्या, बिया वर राहतात आणि खाली मऊ गर पडतो. द्राक्षं उभी चिरून. मांडीवर किंवा खुर्चीत बसूनच खायचं, गाडीत नको, तोंडात घास असताना हसवायचं नाही.

आणि उरलेल्या सीताफळाच्या बिया वाटून उवांसाठी डोक्याला लावत असाल तर ते बंद करा. अख्खी गिळलेली बी काही करत नाही पण तिची पूड डोळ्यात गेली की बुबुळाला जखम होते, भयंकर आग होते, नजर जायची वेळ येऊ शकते. गेलीच डोळ्यात तर 15-20 मिनिटं स्वच्छ वाहत्या पाण्याने धुवा, चोळू नका, आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. उवांना मेडिकलमध्ये पर्मेथ्रिनचं लोशन आणि बारीक दातांची फणी मिळते.