नवे ग्राफिक्स कार्ड बसवताना या चुका टाळा

गेल्या उन्हाळ्यात इंदुरात सुदामा नगरात राहणाऱ्या माझ्या भाच्याने आरएनटी मार्गावरच्या एका दुकानातून आरटीएक्स ४०६० हे ग्राफिक्स कार्ड आणले आणि तासाभरातच त्याचा फोन आला, "मामा, कार्ड खराब निघालं. पंखेसुद्धा फिरत नाहीत." दुसऱ्या दिवशी तो ते कार्ड दुकानात घेऊन गेला. तिथल्या संगणकावर ते पहिल्याच झटक्यात चालले, दुकानदाराने "पीस एकदम ठीक है, भैया" म्हणून परत दिले, आणि घरी आणून लावल्यावर पडदा पुन्हा काळा तो काळाच. असे दोन हेलपाटे झाल्यावर मी स्वतः जाऊन पाहिले. कार्डात काहीही दोष नव्हता. दोष कुठे होता ते पुढे सांगतोच. पण नवे कार्ड "खराब निघाले" म्हणून माझ्याकडे आलेल्या बहुतेकांचे कार्ड शाबूतच होते, आणि मॉनिटरची केबल, कार्डाची बैठक किंवा त्याला मिळणारी वीज यांपैकी काहीतरी चुकलेले होते. म्हणून तपासणीही याच क्रमाने करावी आणि ड्रायव्हरच्या, म्हणजे कार्ड विंडोजशी जोडणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, मागे सगळ्यांत शेवटी लागावे.

पंख्यांविषयी आधीच सांगून टाकतो. हल्लीच्या पुष्कळ कार्डांचे पंखे कार्ड थंड असताना मुद्दामच बंद ठेवलेले असतात आणि तापमान साधारण ५० ते ६० अंशांच्या पुढे गेल्यावरच फिरू लागतात. त्यामुळे पंखे थांबलेले दिसले म्हणून कार्ड बंद आहे असे समजू नये.

केबल मागे कुठे लावली आहे?

मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या जुन्याच जागी राहून जाणे, ही चूक इतकी साधी आहे की ती आपल्या हातून होईल असे कुणालाच वाटत नाही. आय-५ १२४००एफ किंवा रायझन ५ ५६०० यांसारख्या प्रोसेसरमध्ये स्वतःचे ग्राफिक्स नसतेच, त्यामुळे मदरबोर्डवरच्या एचडीएमआयमधून कधीच काही दिसणार नाही. याउलट प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असेल तर चित्र व्यवस्थित दिसते, महिनाभर सगळे सुरळीत चालते, आणि हजारो रुपयांचे कार्ड आत नुसते बसून राहते. "कार्ड घातले तरी गेम तसाच अडखळतो" ही तक्रार आली की मी पहिल्यांदा कॅबिनेटची मागची बाजू पाहतो. कार्डाच्या डिस्प्लेपोर्टवर (एचडीएमआयसारखीच चित्राची दुसरी जोडणी) कारखान्यातून आलेली प्लास्टिकची टोपणे असतात, ती काढावीत. मॉनिटरवर योग्य इनपुट निवडला आहे ना हे पाहावे. आणि डिस्प्लेपोर्टवर काही दिसत नसेल तर निदान एकदा एचडीएमआय लावून पाहावे.

बैठक

कॅबिनेट उघडण्यापूर्वी प्लग भिंतीतून काढावा, मग पॉवरचे बटण काही क्षण दाबून धरावे, म्हणजे आत साठलेली वीज निघून जाते. एप्रिल-मे महिन्यांत माळव्यातली हवा इतकी कोरडी असते की अंगावरची स्थिर वीज हा केवळ पुस्तकी धोका राहत नाही. कार्डाला हात लावण्यापूर्वी कॅबिनेटच्या रंग न दिलेल्या धातूला स्पर्श करावा आणि कार्ड कडेने धरावे.

कार्ड प्रोसेसरच्या सर्वांत जवळच्या लांब स्लॉटमध्ये बसवावे. खाली तसाच दिसणारा दुसरा लांब स्लॉट असतो, पण पुष्कळ मदरबोर्डांवर त्यात आतून चारच लेन, म्हणजे डेटा नेणारे मार्ग, जोडलेल्या असतात. कार्ड दोन्ही टोकांना सारखा दाब देऊन बसवावे, आणि स्लॉटच्या टोकाचा खटका लागला की नाही हे केवळ आवाजावरून न ठरवता टॉर्च लावून पाहावे. कार्ड पूर्ण बसले असेल तर त्याच्या खालच्या कडेची, स्लॉटमध्ये जाणारी सोनेरी पट्टी जवळजवळ दिसतच नाही, आणि तिची जी कडा दिसते ती स्लॉटला समांतर असते.

भाच्याच्या घरी नेमके इथेच बिनसले होते. कॅबिनेट स्वस्तातले, पातळ पत्र्याचे होते आणि त्याची मागची बाजू किंचित आत झुकलेली होती. कार्डाच्या मागच्या, कॅबिनेटला स्क्रूने आवळायच्या धातूच्या पट्टीला खाली एक निमुळती जीभ असते, ती मदरबोर्ड आणि पत्रा यांच्यामधल्या फटीत उतरायला हवी. इथे ती फटीत न उतरता पत्र्याच्या कडेवर टेकली होती. पोराने जोर लावून खटका बसवला, वरचा स्क्रू आवळला आणि त्या आवळण्यानेच कार्ड तिरपे झाले. खटक्याच्या बाजूने ते खोल, तर मागच्या बाजूने नखाच्या जाडीएवढे वर. टॉर्चच्या उजेडात सोनेरी पट्टी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे रुंदावत गेलेली स्पष्ट दिसत होती, आणि मदरबोर्डवर "व्हीजीए" असे लिहिलेल्या जागी दिवा जळत होता. हा दिवा असलेल्या मदरबोर्डच्या मालकांनी आधी तोच पाहावा. दिवा नसेल आणि छोटा स्पीकर जोडलेला असेल, तर पुष्कळ जुन्या बोर्डांवर एक लांब आणि दोन आखूड बीप म्हणजे चित्राशी संबंधित बिघाड.

उपाय सोपा पण वेळखाऊ होता. कार्ड काढले, मदरबोर्डचे सगळे स्क्रू सैल केले, बोर्ड जेवढा सरकतो तेवढा सरकवून कार्ड आधी नीट बसवले, मग बोर्डचे स्क्रू आवळले आणि पट्टीचा स्क्रू सर्वांत शेवटी, बेताने. पडदा लगेच उजळला. दुकानातल्या उघड्या टेस्ट बेंचवर कॅबिनेटच नसते, म्हणून तिथे ते कार्ड दर वेळी चालत होते.

वीज

स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. सहा पिनांची जोडणी आणखी ७५ आणि आठ पिनांची १५० वॅट देते. आरटीएक्स ४०६० ला ११५ वॅट लागतात, म्हणजे केवळ स्लॉटवर ते चालणार नाही. वेगळी केबल लावायची राहिली तर काही कार्डे पडद्यावर तसा इशारा देतात आणि काही नुसतीच गप्प बसतात.

आरटीएक्स कार्डांची कंपनी एनव्हिडिया या कार्डासाठी ५५० वॅटचा एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा डबा, सुचवते. आपल्याकडे कॅबिनेटबरोबर "४५० वॅट" असे मोठ्या अक्षरांत लिहिलेला एसएमपीएस येतो, पण त्या आकड्याला फारसा अर्थ नसतो. त्याच्या बाजूच्या कागदी तक्त्यावर १२ व्होल्टच्या रांगेतले अँपिअर पाहावेत. तिथे १८ अँपिअर लिहिले असतील तर खरी उपयोगाची क्षमता १८ गुणिले १२, म्हणजे २१६ वॅट. आय-५ १२४००एफ कमाल ११७ वॅट घेतो, कार्ड ११५ घेते. बेरीज २३२ झाली, आणि पंखे व डिस्क अजून मोजलेच नाहीत. असा संगणक विंडोजमध्ये छान चालतो, गेमचा मेनूही येतो, आणि पहिल्या मोठ्या दृश्याला सगळा एकदम बंद पडतो. लोक त्याला गरम होण्याचा दोष समजून कॅबिनेटला टेबलफॅन लावतात. तापमानाची शंका असेल तर एचडब्ल्यूइन्फो या तापमान दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये आकडा पाहावा. तो सत्तरीत असताना संगणक बंद पडत असेल तर संशय एसएमपीएसवरच धरावा. एसएमपीएसवरचा ८० प्लसचा शिक्का हा कार्यक्षमतेचा आहे, त्यावरून क्षमता ठरत नाही.

आठ पिनांची केबल जुन्या एसएमपीएसला नसली की दुकानात साटाची (डिस्कला वीज देणारी) जोडणी सहा किंवा आठ पिनांत बदलून देणारी वायर मिळते. ती घेऊ नये. साटाच्या जोडणीतून १२ व्होल्टवर ४.५ अँपिअर, म्हणजे ५४ वॅटच घेता येतात. त्यातून ७५ किंवा १५० वॅट ओढले तर प्लास्टिक वितळते. प्रोसेसरची आठ पिनांची केबल आणि कार्डाची सहा अधिक दोन पिनांची केबल दिसायला सारख्या असल्या तरी त्यांतल्या तारांची रचना उलटी असते. पिनांचे आकार वेगळे ठेवलेले आहेत, तरी जोर लावणारे जोर लावतातच. मॉड्युलर, म्हणजे केबल सुट्या होणाऱ्या, एसएमपीएसच्या केबल दुसऱ्या कंपनीच्या एसएमपीएसला लावू नयेत, कारण एसएमपीएसच्या बाजूची रचना प्रत्येकाची निराळी असते.

मोठ्या कार्डांवर १६ पिनांची, ६०० वॅटपर्यंत नेणारी जोडणी असते. २०२२ मध्ये आरटीएक्स ४०९० वर ती वितळल्याच्या तक्रारी आल्या आणि केबल पूर्ण न बसणे हे त्यामागचे मोठे कारण ठरले. २०२३ मध्ये तिची सुधारित आवृत्ती आली. ती फट राहणार नाही इतकी आत दाबावी आणि तोंडापासून साडेतीन सेंटिमीटरपर्यंत वाकवू नये.

घरचा यूपीएसही या हिशेबात धरावा लागतो. साधा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅट पेलतो. मोठे कार्ड लावल्यावर, गेम चालू असताना वीज गेली की तो ओरडून हात वर करतो आणि दोष कार्डाला लागतो. जुन्या घरांत आणखी एक गोष्ट दिसते: अर्थिंग नसलेल्या सॉकेटवर कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. एसएमपीएसच्या फिल्टरमधली वीज जमिनीत न जाता पत्र्यावर राहते म्हणून हे होते. अशा वेळी इलेक्ट्रिशियनला बोलवावे आणि तोवर कॅबिनेट उघडू नये.

बायोस आणि ड्रायव्हर

नवी कार्डे यूईएफआय, म्हणजे बायोसची नवी पद्धत, धरून चालतात. जुन्या मदरबोर्डवर सीएसएम, म्हणजे जुनी पद्धत चालू ठेवणारी बायोसमधली सोय, बंद करावे लागू शकते. पण विंडोज एमबीआर या जुन्या मांडणीच्या डिस्कवर असेल तर तसे केल्यावर ते सुरूच होणार नाही. आधी डेटाची प्रत काढून एमबीआरटूजीपीटी या विंडोजमधल्याच साधनाने डिस्कची मांडणी जीपीटी या नव्या पद्धतीत बदलावी.

एएमडीचे कार्ड काढून एनव्हिडियाचे लावले असेल तर सेफ मोडमध्ये डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर चालवून जुना ड्रायव्हर पुसावा, आणि तोवर इंटरनेट तोडून ठेवावे, नाहीतर विंडोज अपडेट मध्येच स्वतःचा ड्रायव्हर घालते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये "मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडॅप्टर" दिसत असेल तर ड्रायव्हर बसलेलाच नाही. कार्डाची माहिती दाखवणाऱ्या जीपीयू-झेड या प्रोग्राममध्ये ४०६० "एक्स ८" दाखवते म्हणून घाबरू नये, ते कार्डच आठ लेनचे आहे. कार्ड रिकामे असताना तिथे पीसीआयई १.१, म्हणजे स्लॉटचा कमी वेग, दिसणे ही वीज वाचवण्याची सोय आहे. कार्डावर भार देऊन पुन्हा पाहावे. १४४ हर्ट्झचा मॉनिटर असेल तर विंडोजच्या अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये तो आकडा स्वतः निवडावा लागतो.

एवढे करूनही कार्ड चालले नाही आणि दुकानात जावेच लागले, तर एकटे कार्ड नेऊ नये, आपल्या एसएमपीएससह अख्खे कॅबिनेट न्यावे. तिथल्या बेंचवर कार्ड चालले तर एवढेच कळते की कार्ड ठीक आहे. मात्र रिक्षात नेताना कार्ड काढून त्याच्या पिशवीत व खोक्यात वेगळे ठेवावे आणि कॅबिनेट आडवे, मदरबोर्ड तळाशी येईल असे मांडीवर घ्यावे. जड कार्ड आत लटकत असेल तर खड्ड्यांत स्लॉटच उखडतो.